हॉलमध्ये ठेवायला फिरता साप निवडताय? आधी घड्याळ बघा

हॉलमध्ये मोठी काचेची पेटी, आत फांद्या, थोडी हिरवळ आणि त्यातनं सरसर फिरणारा साप, येणारा-जाणारा थांबून बघतोय, असं चित्र डोक्यात ठेवून बरेच जण साप घ्यायला जातात आणि घरी आणतात तो मात्र दिवसभर लाकडाखाली वेटोळं घालून बसतो. माझ्याकडे पहिला साप आला तो बॉल पायथन. दुकानदार म्हणाला एकदम शांत आहे, नवीन माणसाला हाच बरा, आणि शांत होता यात काही खोटं नव्हतं, पण मला हॉलमध्ये हालचाल बघायची होती हे मी दोनदा सांगूनही त्याने तोच दिला कारण त्याच्याकडे तोच होता. बॉल पायथन मूळचा आफ्रिकेतला, दिवसा उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात राहणारा, रात्री बाहेर येणारा आणि बऱ्याचदा दबा धरून शिकार करणारा. सारखं हिंडायची त्याला गरजच नाही. प्राणी फार छान आहे, पण रात्री दीड वाजता कुणी जागं असेल तरच दिसतो.

म्हणून कुठला साप सुंदर, कुठला स्वस्त, याच्या आधी हे ठरवा की तुम्ही हॉलमध्ये नेमके किती वाजता असता. सापाची जात त्या वेळेवरून निवडायची. हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजत असतील तर दिवसा फिरणारा साप तुमच्यासाठी कायम झोपलेलाच राहणार. आणि घरात आजी-आजोबा दिवसभर आहेत, किंवा तुम्ही घरूनच काम करता, तर दिवसाचा साप घ्या, त्यात खरी मजा आहे.

पण थांबा, जातींकडे जायच्या आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो कारण पुण्यात हा विषय निघाला की पहिलं नाव धामणीचंच निघतं. वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्या कित्येकांनी धामण बघितली असेल, दिवसा फिरते, चपळ, लांब, बिनविषारी, अगदी आपल्याला हवी तशीच. नाही ठेवायची. धामण, दिवड, तस्कर, नानेटी, गवत्या, हरणटोळ, मांडूळ, अजगर, आपल्याकडचा कुठलाही साप घरात पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेला असो नाहीतर कुणी ‘ओळखीतनं’ दिलेला असो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, जंगलातनं धरलेली धामण काचेत ठेवली की ती काचेवर नाक घासत राहते, घासून घासून नाकाची कातडी निघते, खाणं सोडते. ते बघवत नाही. घरात साप निघाला तर 1926 या वनविभागाच्या हेल्पलाइनला फोन करा आणि सर्पमित्र येईपर्यंत लांबून नुसती नजर ठेवा.

आपल्याकडचे साप बघायची हौस असेल तर कात्रजला जा. पुण्याला सापांचं वेड नवीन नाही, 1980 साली नीलिमकुमार खैरे काचेच्या खोलीत 72 विषारी सापांबरोबर 72 तास राहिले होते, आणि कात्रजचं सर्पोद्यानही त्यांच्याच धडपडीतनं उभं राहिलं. साप घ्यायच्या आधी तिथे एक सकाळ घालवाच (बुधवारी बंद असतं). एकेका काचेसमोर पाच-दहा मिनिटं उभं राहून बघा की कोण फिरतंय, कोण नुसतं पडून आहे, आणि आपल्याला नक्की काय बघायला आवडतंय. काहींना तिथे कळतं की त्यांना हालचालीपेक्षा रंग आवडतात, काहींना कळतं की आपल्याला घरी साप नकोच, महिन्यातनं एकदा इथे येणं पुरे. दोन्ही चांगलंच.

मग घरी कायदेशीर काय ठेवता येतं, तर परदेशी जातीचे, पिंजऱ्यातच जन्मलेले साप. त्यातही कागदपत्रांची भानगड आहे आणि ती नीट समजून घ्या. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा साइटिस नावाचा करार आहे, त्याच्या यादीतले प्राणी तुमच्याकडे असतील तर नोंदणी करावी लागते. 2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2024 मध्ये त्याचे नियम आले, अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश 2.0 पोर्टलवर ऑनलाइन करायचा. सगळे पायथन आणि बोआ या यादीत येतात. कॉर्न स्नेक, किंगस्नेक, गार्टर, वेस्टर्न हॉगनोज हे यादीत नाहीत, पण म्हणून बिल न घेता आणू नका. कुठे जन्मला, आई-बाप कुणाकडचे, हे लेखी मागा. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर उठून या, कितीही सुंदर साप असला तरी. एक अजून, ब्यूटी स्नेक म्हणून एक लांब, देखणा, फिरता साप दाखवतात, ती जात आपल्या ईशान्य भारतातही सापडते, त्यामुळे मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

आता जाती.

संध्याकाळी घरी असणाऱ्यांसाठी माझं उत्तर कॉर्न स्नेक, फार विचार न करता. अमेरिकेच्या आग्नेय भागातला, साडेतीन ते पाच फूट, चढायला पटाईत, आणि उजेड कमी झाला की बाहेर येतो. माझ्याकडे सहा वर्षांपासून एक आहे, नाव मक्या. रोज साधारण सव्वाआठच्या आसपास, आमच्या घरी जेवणाची ताटं लागायच्या वेळेला, आधी पेटीत ठेवलेल्या झाडाच्या सालीखालून नुसतं नाक दिसतं, मग जीभ, दोन-तीनदा सावकाश वर-खाली हलते, मग चारेक बोटं अंग बाहेर येतं आणि तो तिथेच थांबतो. एक मिनिट, दोन मिनिटं. मग एकदम ठरवल्यासारखा निघतो आणि पेरूच्या फांदीवर चढतो, चढताना पोटाचे खवले सालीच्या बारीक खाचांमध्ये अडकवत कसा वर सरकतो ते जवळनं बघितलं की माणूस ताटावरून उठून येतो. आमच्याकडे येतात. पुढचे दोन-अडीच तास तो फिरतच असतो, पाणी पितो, वरच्या फांदीवरून खाली मान सोडून लोंबकळतो. पण एक लक्षात घ्या, पिल्लू असताना कॉर्न स्नेक लपूनच राहतो, पहिलं वर्ष तो फारसा दिसणार नाही, आणि ते बरोबरच आहे, एवढुसा जीव उघड्यावर आला तर कोणीही उचलून नेईल हे त्याला जन्मतः माहितीये. लगेच फिरणारा हवा असेल तर दीड-दोन वर्षांचा, नीट खाणारा साप घ्या.

कॅलिफोर्निया किंगस्नेक अजून खटपट्या, दिवसाही दिसतो, संध्याकाळीही. कायम भुकेला असतो म्हणून कायम शोधात असतो. हात आत घातला की खाणं आलं समजून चावतो, विष नाही पण लहान मुलं असलेल्या घरात याचा विचार करा. आणि हा दुसरे साप खातो, स्वतःच्या जातीचेसुद्धा, त्यामुळे एका पेटीत एकच.

दिवसाच्या हालचालीसाठी गार्टर स्नेकसारखा दुसरा नाही. दोन-तीन फुटांचा, सडपातळ, पट्ट्यांचा, सकाळी दिवा लागला की बाहेर, आणि त्याची नजर माणसावर असते, तुम्ही खोलीत आलात की मान वळवून बघतो. एकाच आकाराचे दोन-तीन एकत्रही राहतात, फक्त खायला घालताना वेगळं करावं लागतं नाहीतर दोघं एकाच माशाला दोन बाजूंनी धरतात आणि एक दुसऱ्याला गिळायला लागतो. शाकाहारी घरात फ्रीझरमध्ये उंदीर ठेवणं शक्य नसतं तिथे गार्टर जमू शकतो कारण तो गांडुळं आणि मासे खातो. पण गोल्डफिश किंवा कॉमन कार्प कायम देऊ नका, त्यांच्यात थायमिनेज असतं, ते बी-1 जीवनसत्त्व मोडतं आणि साप झटके येऊन मरतो. बाजारात चिलापी मिळते ती चालते, काट्यांसकट बारीक तुकडे करून. खत घातलेल्या कुंडीतली गांडुळंही नकोत. अडचण एवढीच की आपल्याकडे गार्टर सहज मिळत नाही, थांबावं लागतं, आणि मिळाला तर दोन-तीन दिवसांनी शी साफ करायची तयारी ठेवा कारण मासे खाणाऱ्याचा वास येतो.

हॉगनोज दिवसा फिरतो, वर वळलेल्या नाकाने माती उकरतो, बघायला फार गोड, पण अर्धा वेळ मातीखालीच. मागच्या दातांत सौम्य विष असतं, साधारण सूज येते, पण ॲलर्जीवाल्यांनी टाळा. बुलस्नेक खरा दिवसाचा आणि खरा मोठा, पाच-सहा फूट, फुत्कार एवढा जोरात की शेजारी विचारायला येतील. टू बीएचकेच्या हॉलमध्ये त्याला पुरेल एवढी पेटी बसत नाही, म्हणून सोडून देतो.

आता या सगळ्यात मला जे कळकळीने सांगायचंय ते हे, की साप फिरतोय म्हणजे तो खूश आहे असं नाही. लोक व्हिडिओ पाठवतात, बघा किती ॲक्टिव्ह आहे, आणि व्हिडिओत साप काचेच्या एकाच कोपऱ्यात वर-खाली, वर-खाली करतोय, नाक काचेला दाबून, तासन् तास. त्याला बाहेर पडायचंय. एक तर गरम होतंय, किंवा लपायला जागा नाही, किंवा पेटी लहान आहे. समाधानी साप कसा फिरतो ते वेगळं दिसतं, सावकाश, थांबत थांबत, जीभ काढून एकेक वस्तू हुंगत, वाट बदलत. हा फरक डोळ्यांना एकदा कळला की दुकानातसुद्धा कळतो.

तेव्हा पेटी अशी घ्या की त्याला फिरायला कारण असेल. लांबी आणि रुंदी मिळून निदान सापाएवढी तरी हवी, कॉर्न स्नेकला 4 बाय 2 बाय 2 फूट, कमी नको. समोरून उघडणारी, कारण वरून हात आला की सापाला घार आल्यासारखं वाटतं. मागची आणि दोन्ही बाजूंच्या काचा बंद करा, कॉर्क शीट लावा नाहीतर साधा काळा कागद, चारही बाजूंनी उघड्या पेटीत साप बाहेर येतच नाही. हे उलटं वाटेल पण जितक्या लपायच्या जागा जास्त तितका साप जास्त दिसतो, कारण दोन पावलांवर लपता येतंय हे माहिती असलं की तो बिनधास्त निघतो. गरम बाजूला एक, थंड बाजूला एक, मध्ये पालापाचोळा, आणि आडव्या-तिडव्या जाड फांद्या. पेरू किंवा आंब्याची वाळलेली फांदी घासून, गरम पाण्याने धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून वापरा. कण्हेरीची चुकूनही नको, विषारी असते. खाली नर्सरीतला कोकोपीट चालतो, खत न मिसळलेला. महिन्याला एखादी फांदी हलवा, टेकडीवरची चार वाळकी पानं आणून टाका (धुऊन, वाळवून), त्या रात्री साप सगळी पेटी पहिल्यांदा बघितल्यासारखा फिरतो.

गरम कोपरा 30-32 अंश, थंड कोपरा 24-25. हीट मॅट लावा किंवा सिरॅमिक हीटर, पण थर्मोस्टॅटशिवाय (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारं यंत्र) अजिबात नाही, पोट भाजलेले साप मी बघितलेत आणि ती जखम भरायला महिनोन् महिने लागतात. पुण्यात हिवाळ्यात रात्री पारा 10 च्या आसपास जातो तेव्हा हीटर लागतोच, पण खरी काळजी एप्रिल-मेची. गच्चीखालचा फ्लॅट असेल तर दुपारी हॉलमध्ये 36-37 सहज होतं, तेव्हा हीटर बंद, आणि लाईट गेली, पंखा बंद पडला तर पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून थंड बाजूला ठेवा. पावसाळ्यात उलट, हवाच ओली असते, कोकोपीट दमट राहिला तर सापाच्या पोटाला फोड येतात, तेव्हा पाणी शिंपडणं बंद करा आणि जाळ्या मोकळ्या ठेवा. कात टाकायच्या वेळी, म्हणजे डोळे निळसर-दुधी झाले की, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून आत ओलं मॉस घालून ठेवा, पूर्ण कात एका तुकड्यात निघते.

हॉलमध्ये कुठे ठेवायची यावर लोक विचार करत नाहीत. पश्चिमेच्या खिडकीसमोर नाही, चार वाजताच्या उन्हात काचेची पेटी भट्टी होते. टीव्हीच्या स्टँडवर, वूफरशेजारी नाही, सापाला बाहेरचे कान नसले तरी जमिनीतली थरथर सगळ्या अंगाला कळते. पेठेत, मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असेल तर गणपतीत ढोल-ताशाने खिडक्यांच्या काचा हलतात, ते दोन-तीन दिवस सापाला आतल्या खोलीत छोट्या डब्यात ठेवा आणि त्या आठवड्यात खायला घालू नका, घाबरला तर उलटून टाकतो. डासांची कॉइल, फवारे हे हॉलमधनं कायमचं बंद. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी साप दुसऱ्या घरी.

आणि कुलूप. सरकत्या काचेला लागतं तसलं छोटं कुलूप, जे दागिन्यांच्या दुकानातल्या शोकेसला असतं. दुसऱ्या वर्षी मक्या एकदा निसटला, काच एक बोटभर उघडी राहिली होती, आणि चार दिवस आम्ही सगळं घर शोधलं. सापडला इन्व्हर्टरच्या मागे, उबेला. ते चार दिवस आई स्वयंपाकघरात पाय वर घेऊन बसायची आणि शेजारच्यांना आम्ही खरं ते सांगितलं, सांगावंच लागतं, वरच्या मजल्यावर बाळ होतं. तेव्हापासून किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला असते.

साप प्रत्यक्ष निवडताना हातात घ्या. अंगाला दोरीसारखी पकड जाणवली पाहिजे, लिबलिबीत नको. डोळे स्वच्छ, तोंडाशी फेस-बुडबुडे नाहीत, श्वासाला घरघर नाही, शेपटीच्या टोकाला जुनी कात अडकलेली नाही. पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके तरंगत असतील तर गोचीडसारखे बारीक किडे आहेत, तो साप नको आणि त्या दुकानातला दुसराही नको. मग म्हणा, माझ्यासमोर खायला घाला. मेलेला, फ्रीझरमधला, कोमट पाण्यात सोडवलेला उंदीर खाणाराच घ्या, जिवंत उंदीर सापाचा डोळासुद्धा फोडतो. मोठ्याला दहा-चौदा दिवसांनी एक, पिल्लाला पाच-सात दिवसांनी. दूध नाही, कधीच नाही, नागपंचमीला कुणी वाटी घेऊन आलं तर प्रेमाने सांगा की साप दूध पचवू शकत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर शहरात मोजकेच, त्यांना साप आणायच्या आधी फोन करून ठेवा. हाताळल्यावर साबणाने हात, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊच नका, सापाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे, पोट बिघडवणारे जिवाणू असू शकतात.

आणि हा पंधरा-वीस वर्षांचा सोबती आहे. लग्न, बदली, भाड्याचं घर, घरमालक, हे सगळं त्यात येतं, घरमालकाला आधी विचारा.

घरी आणलात की पहिला आठवडा हात लावायचा नाही, पाणी बदलायचं आणि बाजूला व्हायचं. समोरच्या काचेवरही जुनं बेडशीट टाका, रोज थोडं थोडं वर करत जा. पाहुण्यांना बोलावू नका. मक्याला आणलं तेव्हा आम्ही रोज संध्याकाळी हॉलचा मोठा दिवा बंद करून फक्त कोपऱ्यातला लावून बसायचो, सोफ्यावर, हळू आवाजात बोलत. आठ दिवस काहीच दिसलं नाही. नवव्या दिवशी आजी म्हणाली, "अरे, ते बघ काय हलतंय," आणि चष्मा पुसायला लागली.